कनू-कयाक क्लबमध्ये सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: कनू-कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, अरुंद होड्या, शिकवणाऱ्या जवळच्या क्लबच्या माहितीपत्रकात शांत पाण्यातला सराव, तरणतलावातली सत्रं, कनू पोलो, स्लॅलम, स्प्रिंट, नदीवरच्या सहली असं बरंच काही दिलंय. तुम्हाला पोहता येतं पण बेताचं, बारा वर्षांची मुलगीही सोबत येणार आहे, आणि यातलं काय निवडावं ते कळत नाही. माझं मत विचाराल तर सुरुवातीला यातला कुठलाच खेळ निवडू नका. आधी तरणतलावातल्या सत्राला नाव द्या. माहितीपत्रकात त्याला सहसा एखादीच ओळ मिळते आणि नवी मंडळी ते वगळून थेट सहलीला नाव नोंदवतात. पण क्लब जे काही शिकवतो त्यातलं सगळ्यांत मोलाचं तिथेच शिकायला मिळतं.

तिथे तुम्हाला मुद्दाम उलटवतात. बंद कयाकमध्ये बसताना कमरेभोवती स्प्रेस्कर्ट असतो, तो बैठकीच्या कडेला घट्ट बसतो आणि पाणी आत येऊ देत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. ती नेहमी बाहेर राहिली पाहिजे, आत दबता कामा नये. होडी उलटली की पुढे वाकायचं, पट्टी पुढे ढकलून ओढायची, दोन्ही हात कमरेशेजारी होडीच्या कडेवर टेकायचे आणि विजार उतरवावी तसं होडीतून निसटायचं. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. ऐकायला भयंकर वाटतं, पण शेजारी कंबरभर पाण्यात प्रशिक्षक उभा असतो आणि दोन-तीनदा केलं की भीती जाते.

ही भीती जाणं फार महत्त्वाचं आहे, कारण तोल सगळा कमरेवर असतो. होडी हलली की कमरेखालचं शरीर तिच्याबरोबर हललं पाहिजे आणि कमरेवरचं धड सरळ राहिलं पाहिजे. घाबरलेला माणूस कंबर आवळून बसतो, मग होडी आणि धड एकत्रच कलंडतात. म्हणजे उलटण्याची धास्ती जितकी जास्त, तितकं उलटणं जास्त. ही साखळी तलावात तुटते. त्यानंतर दुसऱ्याला सोडवायला शिकवतात: उलटलेल्या होडीचं टोक आपल्या होडीवर आडवं ओढून घ्यायचं, आतलं पाणी काढायचं, ती सरळ करून शेजारी धरून ठेवायची आणि पाण्यातल्या माणसाला तिच्यावर चढू द्यायचं. यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा, त्यामुळे तुमच्या मुलीलाही हे जमेल.

होडीत बसल्या बसल्या पुन्हा सरळ होणं, ज्याला सगळे ‘रोल’ म्हणतात, ते नंतर. श्वासासाठी डोकं आधी वर काढावंसं वाटतं आणि तिथेच रोल फसतो. कमरेच्या झटक्याने आधी होडी फिरली पाहिजे, डोकं सगळ्यांत शेवटी पाण्याबाहेर यायला हवं. कुणाला लवकर जमतं, कुणाला सबंध हंगाम लागतो. रोल येत नाही म्हणून शांत पाण्यात जायचं अडत नाही.

शांत पाण्यातल्या सरावात कयाक आणि कनू दोन्हींत बसून बघा. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात. कनूत गुडघ्यांवर किंवा बाकावर बसायचं आणि पातं एकच. कनू एकाच बाजूने वल्हवली की नाक दुसरीकडे वळतं, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं किंचित बाहेर वळवून दिशा सांभाळावी लागते. तो ‘जे स्ट्रोक’. तो हाताला बसेपर्यंत कनू सरळ जात नाही, त्यामुळे लोक कंटाळून कयाककडे वळतात. मला ते घाईचं वाटतं. दोघांना एकत्र जायचं असेल, सोबत सामान असेल, तर कनूसारखी होडी नाही. आणि दोन्हींत एक गोष्ट सारखीच: ओढ दंडातून नाही, धड फिरवून यायला हवी. दंड लवकर थकतात, पाठ आणि पोट बराच वेळ टिकतात.

आता कनू पोलो. हा खेळ फक्त तरुण, आडदांड लोकांसाठी आहे असा समज आहे, पण क्लब पातळीवर होडीवर ताबा मिळवायला यापेक्षा जलद मार्ग मी पाहिलेला नाही. पाण्यात प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू, पाण्यापासून 2 मीटर उंचीवर टांगलेली 1 मीटर बाय 1.5 मीटरची गोलची चौकट, आणि चेंडू हाताने किंवा वल्ह्याने खेळायचा. चेंडू 5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ जवळ ठेवता येत नाही, म्हणून सतत वळावं, थांबावं, मागे यावं लागतं. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला हाताने ढकलून उलटवणंही नियमात बसतं. म्हणूनच तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट घालतात आणि होडीची टोकं मऊ असतात. नजर चेंडूवर असल्याने होडी सांभाळतोय हेच माणूस विसरतो, आणि त्या विसरण्यातच हात-कंबर शिकून जातात. तुमच्या मुलीला यात फार मजा येईल असं मला वाटतं.

स्लॅलम म्हणजे पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून जाणं. हिरव्या जोडीतून प्रवाहाबरोबर, लाल जोडीतून प्रवाहाविरुद्ध. दांडीला स्पर्श झाला तर 2 सेकंद आणि जोडी चुकली तर तब्बल 50 सेकंद वेळेत वाढतात. स्पर्धेचं पाणी खवळलेलं असतं, पण बरेच क्लब संथ पाण्यावरही दांड्या टांगतात. तिथे जरूर जा.

कमी अंतराच्या स्प्रिंट आणि लांब पल्ल्याच्या मॅरेथॉन शर्यतींबद्दल थोडक्यात: स्प्रिंटची एकट्याची होडी बसायच्या जागी साधारण 40 सेंटिमीटरच रुंद असते आणि सुरुवातीला स्थिर राहतच नाही. मुलीला वेगाची ओढ असेल तर प्रशिक्षक आधी रुंद शिकाऊ होडी देतील.

सहलींच्या बाबतीत मी जास्त काटेकोर आहे. नदीच्या खळाळांना 1 (सर्वांत सोपा) ते 6 अशी श्रेणी असते. पहिल्या सहली पहिल्या श्रेणीच्याच हव्यात. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे अनुभवी माणूस आहे का, प्रत्येकाच्या होडीत ती बुडू न देणाऱ्या हवेच्या पिशव्या आहेत का, फेकदोर (पाण्यात पडलेल्याकडे फेकायचा दोर) किती जणांकडे आहे, हे निघण्याआधी विचारा. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. ऊन असलं तरी गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, त्या वेळी फक्त तरंगत राहायचं. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला पालथं पाडून दाबून धरतो. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे. आणि बंधारा दिसला की होडी काठाला लावून उचलून न्यायची. बंधाऱ्याखाली सारखं उलटं फिरणारं पाणी वरून निरुपद्रवी दिसतं, पण त्यातून चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही.

बेताचं पोहणं आड येणार नाही, पण ते लपवू नका. काही क्लब आधी थोडं अंतर पोहून दाखवायला सांगतात. तसं सांगणारा क्लब मला अधिक भरवशाचा वाटतो. कयाकसाठी जी तरंगजाकिटं देतात ती साधारणपणे शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगत ठेवण्यासाठी असतात. बेशुद्ध माणसाचं तोंड ती पाण्यावर वळवतीलच असं नाही. म्हणून जाकीट अंगात असलं तरी एकट्याने पाण्यात जायचं नाही.

होड्या धुणं-वाळवणं, दुरुस्ती, शर्यतीच्या दिवशी वेळ नोंदवणं, सुरक्षा-होडीवर बसणं, हेही क्लबचे उपक्रमच आहेत. धुणं-वाळवणं तर नदीच्या भल्यासाठीही आहे: एका पाण्यातल्या वनस्पती आणि बारीक जीव होडीबरोबर दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून. या कामांत जुन्या सदस्यांकडून जे ऐकायला मिळतं ते सत्रात मिळत नाही, तेव्हा अधूनमधून थांबत जा.

स्वतःची होडी घ्यायची घाई नको. वर्षभरात तुमची आवड कुठे वळते ते कळेल, आणि पोलोची होडी सहलीला किंवा सहलीची होडी पोलोला चालत नाही. घ्यायचंच असेल तर आधी अंगाला नीट बसणारं जाकीट घ्या, मग वल्हं. मुलीसाठी मात्र आखूड, बारीक दांड्याचं आणि लहान पात्याचं वल्हं हवं. मोठ्यांचं वल्हं दिलं तर तिला पातं पाण्यातून ओढवणार नाही आणि मनगटं दुखायला लागतील. क्लबकडे मुलांच्या मापाची वल्ही आहेत का, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.