पुरस्कार चित्राला की माणसाला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ज्येष्ठ चित्रकार-शिल्पकारांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेल आले आणि व्हॉट्सअॅपवर पण बरेच प्रश्न आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार निवडलेत.

प्रश्न : सर, जीवनगौरव मिळणारे कलाकार जवळजवळ नेहमी पंचाहत्तरीच्या पुढचे असतात. तेच पैसे तिशीत मिळाले असते तर रंग-कॅनव्हासला तरी उपयोगी पडले असते ना? की उगाच शाल-श्रीफळाची हौस?

ताई, तुमचा राग मला पटतो. फक्त यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एक झाल्यात. एक पुरस्कार कामाला असतो, म्हणजे त्या वर्षीच्या प्रदर्शनात लागलेल्या त्या एका चित्राला किंवा शिल्पाला. दुसरा माणसाला, त्याच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कामाला. पेपरात दोन्हीची बातमी सारखीच दिसते म्हणून गोंधळ होतो.

बॉम्बे आर्ट सोसायटी ही कलाकारांची संस्था १८८८ पासूनची, तिच्या वार्षिक प्रदर्शनातलं सुवर्णपदक हे पहिल्या प्रकारातलं. १९३७ ला ते चित्रकार अमृता शेरगिलला मिळालं, 'तीन मुली' या चित्रासाठी, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ते चित्र बघितलं नसेल तर जरूर बघा. तीन मुली नुसत्या बसल्यात, कुणी कुणाकडे बघत नाही, नजर खाली, आणि आपल्याला लगेच कळतं की यांच्या आयुष्याचं कुणीतरी दुसराच ठरवणार आहे. डिसेंबर १९४१ मध्ये अमृता गेली, अठ्ठावीस वर्षांची. पुरस्कार फक्त ज्येष्ठांनाच द्यायचे असते तर तिच्या हातात काय पडलं असतं सांगा.

आणि १९५५ साल बघा. ललित कला अकादमी, म्हणजे चित्र-शिल्पांसाठीची राष्ट्रीय संस्था, आदल्याच वर्षी सुरू झालेली. तिच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात चित्रकार एम. एफ. हुसेनच्या 'जमीन'ला पुरस्कार मिळाला, हुसेन तेव्हा चाळिशीचे, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून वर आलेले. त्याच वर्षी अकादमीने आपली पहिली फेलोशिप, म्हणजे माणसाच्या एकूण कामाचा सन्मान, बंगालचे चित्रकार जामिनी रॉय यांना दिली, ते अडुसष्टच्या आसपास. तैलरंगातली साहेबी पद्धतीची पोर्ट्रेट्स चांगली जमत असताना ते सगळं सोडून हा माणूस कोलकात्यातल्या कालीघाटच्या लोकशैलीतल्या पटचित्रांकडे वळला, साधे देशी रंग, जाड वाहती रेषा. आता ही झेप एका चित्रात कशी दिसणार? आधीचं आणि नंतरचं काम शेजारी शेजारी ठेवलं तरच दिसते, आणि त्यासाठी वय व्हावंच लागतं. म्हणून जीवनगौरव मला नकोसा वाटत नाही. पण पैशाचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने आहे, मोठी रक्कम तरुणांच्या पुरस्काराला ठेवा आणि ज्येष्ठांना त्यांच्या सगळ्या कामाचं एक नीट प्रदर्शन लावून द्या, जोडीला चांगला कॅटलॉग. ज्यांना ज्यांना मी हे विचारलंय त्यातल्या बहुतेकांनी प्रदर्शनच मागितलंय.

प्रश्न : मी शिल्पकार आहे, वय ४१. दरवर्षी एन्ट्री पाठवतो, फोटोच्या राउंडलाच बाहेर. चित्रकारांना पुरस्कार जास्त आणि आम्हाला कमी असं खरंच आहे का, की मला एकट्यालाच वाटतं?

मित्रा, एकट्याला नाही वाटत तुला. यावर जरा सविस्तर लिहितो कारण हे बाहेर कुणाला माहीत नसतं.

चित्र गुंडाळून बसने नेता येतं. शिल्पाचं तसं नाही. आधी आर्मेचर, म्हणजे आतला आधाराचा सांगाडा, त्यावर माती, ती रोज ओल्या फडक्यात गुंडाळायची नाहीतर तडकते, मग प्लॅस्टरचा मोल्ड, त्यातून मेण, मेणाला नळ्या जोडायच्या धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला, वरून साचा, तो भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि मग हजार डिग्रीच्या वर तापलेलं ब्राँझ ओतायचं. एक नळी बंद पडली की शिल्पाचं बोट किंवा कान अर्धाच येतो. त्यानंतर घासणं, सांधे लपवणं, पॅटिना म्हणजे धातूवर चढवलेली रंगछटा. हा सगळा खर्च पुरस्काराच्या आधी, स्वतःच्या खिशातून! मग पोरं ब्राँझऐवजी स्वस्त फायबरमध्ये ओततात, बिचारी काय करणार. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ ला शांतिनिकेतनात 'संथाळ कुटुंब' केलं ते सिमेंट आणि तिथल्याच लाल मुरमाच्या खड्यांत, ब्राँझ परवडण्यातलं नव्हतंच. चालत निघालेली ती माणसं आजही तिथे उभी आहेत, आणि तो खरखरीतपणा त्यांना इतका शोभतो की ब्राँझची आठवणसुद्धा येत नाही.

आता फोटोचं. मी एका प्रदर्शनाच्या निवड समितीवर होतो, नाव नको. स्क्रीनवर एकामागून एक इमेज सरकत होत्या, एका शिल्पाचा फोटो आला, समोरून काढलेला, मागे घराचा पडदा, फ्लॅशने सगळं सपाट. आम्ही नाही म्हटलं, मी पण म्हटलं. काही महिन्यांनी तेच शिल्प दुसरीकडे प्रत्यक्ष बघितलं. बसलेली म्हातारी, समोरून साधीच, पण मागे गेलो तर पाठीचे मणके आणि दोन खांद्यांमधला तो खळगा असा केलेला की मी तिथेच थांबलो. तो माणूस कोण मला माहीत नाही पण ती पाठ अजून डोळ्यासमोरून जात नाही. चूक आमची होती, शिल्प एका फोटोवर ठरवायलाच नको. पण नियम बदलेपर्यंत तू एवढं कर, उजेड एका बाजूने घे, मागे साधा राखाडी कागद लाव, एकच फोटो चालत असेल तर समोरूनचा नाही तर जिथून शिल्प सगळ्यात जास्त वळतं तिथूनचा दे, आणि व्हिडिओ चालत असेल तर सावकाश एक पूर्ण फेरी.

आणि सन्मान उशिरा मिळण्याचं म्हणशील तर शिल्पकार राम सुतार यांचं बघ. जन्म १९२५, गांधीसागर धरणावरचं त्यांचं ४५ फुटी शिल्प किती जुनं, आणि पद्मश्री मिळाली १९९९ ला! बाहेर जपानचा प्रीमियम इम्पीरियाले हा कलापुरस्कार आहे, १९८९ पासून देतात, त्यात चित्रकला वेगळी आणि शिल्पकला वेगळी, दोन्हीला सारखेच दीड कोटी येन. २०११ ला शिल्पकलेचा अनिश कपूर यांना मिळाला, जन्म मुंबईचा. असे दोन वेगळे विभाग आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या पुरस्कारात हवेत असं माझं ठाम मत आहे, एकाच यादीत ठेवलं की शिल्पकार मागे पडतोच.

प्रश्न : अशा पुरस्कारासाठी आपण स्वतः अर्ज करायचा असतो का? आमच्या काकांना लाज वाटते.

प्रदर्शनातल्या पुरस्काराला एन्ट्री स्वतःच भरायची असते, त्यात लाज कसली. जीवनगौरवसारख्या सन्मानाचं नाव बहुतेक ठिकाणी समिती किंवा दुसरं कुणी सुचवतं. काकांच्या कामाचे फोटो, साल, माप, माध्यम असं तुम्हीच आत्ता लिहून ठेवा, ऐन वेळी कुणाला काही सापडत नाही.

प्रश्न : मला कलेतलं काही कळत नाही. पुरस्काराची बातमी वाचून छान वाटतं, पण पुढे काय करायचं?

बघायला जा, बस. पुस्तक नंतर. शिल्पापासून सुरुवात करायची तर अलिबागजवळच्या सासवन्याला जा, तिथे शिल्पकार विनायक करमरकरांचं राहतं घर आता संग्रहालय झालंय. १९२८ चा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण सासवन्यात घरातली, गावातली साधी माणसं आहेत, बरीचशी सिमेंटमध्ये. एकेका शिल्पाभोवती पूर्ण फिरा आणि पाठीमागून बघायचं विसरू नका. घरी आल्यावर जे डोळ्यासमोर राहिलं असेल ते मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर लिहीन.