दुधाच्या नोंदी अडकल्या

प्रश्न : आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. हिशेबाचा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेसवर (नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो. रोज रात्री प्रोग्रॅम बंद करून ‘डेटा’ फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करतो. सोमवार ते रविवार असे सात फोल्डर आहेत. जुना संगणक जळाला. नव्यावर पोस्टग्रेस 16 टाकून जुना फोल्डर तिथे ठेवला, तर सर्व्हर सुरूच होत नाही. दहा दिवसांचं बिल काढायचंय. सगळं गेलं का?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : गेलेलं नाही, पण आधी त्या सात फोल्डरांना हात लावणं थांबवा. जे करायचं ते त्यांच्या प्रतीवर.

फोल्डरमध्ये ‘पीजी_व्हर्जन’ नावाची चिमुकली फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा, आत एकच आकडा दिसेल. तुमचा बहुधा 9.6 असेल. तो खोडून 16 लिहायचा मोह होईल. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे हाच शहाणपणा केला होता आणि रात्र तिथेच काढली. आकडा बदलला तरी आतली मांडणी जुनीच राहते. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की फाइलींची ही मांडणी बदलू शकते, म्हणून नवा सर्व्हर जुना फोल्डर सरळ नाकारतो. (9.6.1 वरून 9.6.20 वर गेला असतात तर काही अडलं नसतं.)

तेव्हा प्रोग्रॅमवाल्याकडून 9.6चं इन्स्टॉलर मागा. जुना संगणक 32 बिटचा असेल तर इन्स्टॉलरही 32 बिटचंच हवं. 16 राहू द्या, 9.6 शेजारी 5433 पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) बसवा. 9.6ची सर्व्हिस (मागे चालणारा सर्व्हर) थांबवा, त्याच्या डेटा फोल्डरच्या जागी तुमची प्रत ठेवा, प्रतीतल्या ‘पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ’ फाइलीत पोर्ट 5433 करा, ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्याला त्या फोल्डरवर पूर्ण परवानगी द्या आणि सर्व्हिस सुरू करा. परवानगीपाशीच निम्मे लोक अडकतात.

आता एक मेख. प्रोग्रॅम बंद केला म्हणजे पोस्टग्रेस बंद झाला, असं नाही. त्याची सर्व्हिस मागे चालूच असते. म्हणजे तुमच्या सगळ्या कॉपी चालत्या गाडीतून काढलेल्या आहेत. रात्री कोणी नोंद करत नसल्यामुळे बहुधा निभावेल. रविवारचा फोल्डर उठला नाही तर शनिवारचा लावून बघा. आत ‘पीजी_एक्सलॉग’ (ताज्या बदलांची नोंद ठेवणारा फोल्डर, ज्यावरून सर्व्हर स्वतःला सावरतो) आहे ना, तेही पाहा. नावातला ‘लॉग’ बघून लोक जागा करायला ते उडवत, म्हणून 2017च्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव ‘पीजी_वॉल’ केलं.

9.6 उठला की 16 सोबत आलेल्या ‘पीजी_डंपऑल’ने 5433 वरचा सगळा माल एका साध्या मजकुराच्या फाइलीत काढा आणि ‘पीएसक्यूएल’ने 16 मध्ये भरा. ‘पीजी_अपग्रेड’नेही होतं, पण त्यालाही जुनी आवृत्ती लागतेच, तुमच्या आकाराला डंप (ती मजकुराची फाइल) सोपा. रोजचा बॅकअपही आता डंपचाच घ्या. तो चालू सर्व्हरवरूनही सुसंगत निघतो आणि पुढच्या आवृत्तीत भरता येतो.

बिल छापण्याआधी कागदी रजिस्टर काढा. एका उत्पादकाची सकाळ-संध्याकाळची लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) शेवटच्या दिवसापर्यंत जुळवा. रविवारऐवजी शनिवारचा फोल्डर लागला असेल, तर मधल्या नोंदी त्या रजिस्टरवरूनच हाताने घालाव्या लागतील.