रेबीजच्या लशीने माणूस लुळा पडतो, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा: आईला भटकं कुत्रं चावलं, रक्त आलं, दोन डोस झाले. आता ती म्हणते, "माझ्या काकांचे पाय पोटातल्या चौदा इंजेक्शनांनी गेले, मी तिसरा डोस घेणार नाही." तिचं खरं आहे का, आणि कोणत्या कंपनीची लस चांगली?

काकांचं जे झालं ते अगदी शक्य आहे. त्याला अफवा म्हणू नका. दवाखान्यातली माणसं 'असं काही नसतं' म्हणून उडवून लावतात आणि पेशंट पुन्हा फिरकत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पोटातल्या इंजेक्शनांची ती जुनी लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीत काढलेली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो मेंदू वाटायचा, फिनॉलने विषाणू मारायचा आणि तेच द्रावण रोज टोचायचं. द्रावण जास्त असे, म्हणून पोटाच्या सैल कातडीखाली. विषाणू मेलेला असला तरी त्यात मेंढीचं मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, भरपूर असे. शरीर त्या मायलिनविरुद्ध उठे आणि स्वतःच्या मायलिनलाही सोडत नसे. साधारण एक ते तीन आठवड्यांत कुणाच्या मेंदूला सूज, कुणाच्या मणक्यातल्या मज्जारज्जूला, तर कुणाला जीबीएससारखा (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं) लुळेपणा. प्रमाण ठिकठिकाणी वेगळं नोंदलं गेलं, पण काहीशे ते काही हजार माणसांमागे एक, म्हणजे लशीच्या मानाने फारच जास्त. तरीही ती दिली जाई, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. भारतात तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. माझ्या मते ते फार आधी थांबायला हवं होतं.

आईला मिळतेय ती लस पेशींमध्ये वाढवलेली आहे, व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) किंवा कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशी. त्यात मेंदूचा अंश नाही, त्यामुळे ते जुनं कारणच उरलेलं नाही. या लशीनंतरही जीबीएसच्या तुरळक केसेस छापून आल्या आहेत, पण लशीनेच झालं असं सिद्ध झालेलं नाही. जीबीएस बहुतेकदा जुलाब किंवा सर्दी-खोकल्याच्या संसर्गानंतर येतो. पुण्यात २०२५च्या जानेवारीत आलेली साथ आठवा, तिचा लशीशी काही संबंध नव्हता.

दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी चालेल. पण पायांत मुंग्या येऊन त्या वर सरकणं, जिना चढताना गुडघे गळणं, तोंड वाकडं होणं, लघवी अडणं किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता न येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. बी-१२ची इंजेक्शनं घेत आठवडा घालवू नका. जीबीएसला आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, बदलावा लागतो, स्टेरॉइडचा उपयोग नाही. मज्जारज्जूला सूज असेल तर उलट स्टेरॉइडच आधी देतात. म्हणून निदान आधी.

चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. रेबीजच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत पाण्याची भीती ठळक नसते, नुसता लुळेपणा येतो आणि तो जीबीएससारखाच दिसतो. ताप, लघवीवरचा ताबा लवकर जाणं आणि चावल्याच्या जागी मुंग्या-खाज असेल तर आधी रेबीजची शंका घ्यायची. लस अर्धी सोडलेल्या माणसाला पुढे असा लुळेपणा आला, की गाव म्हणतं लशीने झालं.

रक्त आलं म्हणजे तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीची जखम. नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं: माणसाचं किलोमागे २० युनिट, घोड्याचं ४०. पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आतच. ते दिलंय का हे आजच कागदावर बघा. लस दंडातच, कुल्ल्यात कधीच नाही.

कातडीत देत असतील तर ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७, २८ या दिवशी दोन-दोन जागी ०.१ मिली, स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८. आई स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर स्नायूतलीच मागा, हे आधीच सांगायला हवं होतं. कंपनीपेक्षा लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत होती का ते विचारा. काही शंकास्पद त्रास झालाच तर १८००-१८०-३०२४ या औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी क्रमांकावर नोंदवा.

तिसऱ्या डोसचा दिवस टळला असेल तर आज द्या आणि पुढचे चालू ठेवा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.