आधी कान, मग डोळे

अरब क्विअर लघुपट बघायला सुरुवात करते आहेस, याचा मला खरंच फार आनंद झाला. एकच सांगते, सगळी भिस्त सबटायटल्सवर ठेवू नकोस. पात्र ‘शाझ’ म्हणतंय की ‘मिथ्ली’, ते नीट ऐक. पहिला शब्द शिवीसारखा, ‘विकृत’ या अर्थाचा. दुसरा ‘समलिंगी’ या अर्थाचा, चळवळीने मानाने रुजवलेला. खाली कित्येकदा दोन्हींसाठी नुसतं ‘गे’ येतं आणि प्रसंगातली अख्खी जखमच गळून पडते.

चेहरे दिसत नाहीत म्हणून वैतागू नकोस. मानेची मागची बाजू, कॉफी ओतणारे हात, बदललेला आवाज, हे फक्त शैलीसाठी नसतं. ट्युनिशियात समलिंगी संबंधांसाठी दंडसंहितेच्या कलम २३० खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कुठल्याही दृश्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नकोस, हे अगदी कळकळीने सांगते.

आणि सगळ्या अरबांना एकाच मापाने मोजू नकोस. कैरोत २००१ साली एका बोटीवरच्या धाडीनंतर समलिंगी असल्याच्या संशयावरून ५२ पुरुषांवर खटला चालला. बैरूतमध्ये मात्र २००४ साली ‘हेलेम’ ही क्विअर हक्कांसाठी लढणारी संस्था उभी राहिली, आणि त्याच ट्युनिशियात ‘मौजूदीन’ या संस्थेने २०१८ मध्ये क्विअर चित्रपट महोत्सव भरवला! लेबनॉनच्या कलम ५३४ मधली ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही भाषा वाचलीस की आपल्या दंडसंहितेतलं जुनं कलम ३७७ आठवेल.

पहिल्या रात्री दोनच बघ. मग फोन कर, निवांत बोलू.