खारफुटीचा नकाशा करायचाय? आधी भरतीची वेळ बघ

बॉटनीत बीएससी झालंय, ठाणे खाडीतल्या खारफुटीवर काम करायचंय आणि त्यासाठी ४० हजारांचा जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र) कोर्स लावू का, असं तू विचारलंयस. माझं ऐकशील तर आत्ता नको लावूस. क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आठ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात चालतं, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत, आणि सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचे फोटो कोपर्निकस या त्यांच्याच कार्यक्रमाच्या साइटवर नुसतं अकाउंट काढलं की मिळतात. कुठलं बटण कुठे आहे ते आठवड्याभरात कळतं, त्याला ४० हजार कशाला.

अडतं ते दुसरीकडेच. माझंच सांगतो.

मी सुरुवातीला ऐरोलीच्या बाजूचे उपग्रहाचे दोन फोटो घेतले, दोन्ही हिवाळ्यातले, एका वर्षाच्या अंतराने. एनडीव्हीआय काढला. म्हणजे काय, तर हिरवं पान लाल उजेड खातं आणि नियर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा लालच्या पलीकडचा उजेड, परत फेकतं, त्या फरकावरून हिरवाई मोजायची, सेंटिनेलमध्ये त्यांचे बँड, म्हणजे उजेडाच्या पट्ट्या, अनुक्रमे ४ आणि ८. तर दुसऱ्या फोटोत खाडीच्या कडेची खारफुटी चक्क गायब! मी लाल रंगात झकास नकाशा केला, चार लोकांना दाखवला पण, आणि मग प्रत्यक्ष बघायला गेलो तर तिवरं जागच्या जागी उभी. तिथे होडी बांधत असलेल्या कोळी काकांना मोबाइलवर नकाशा दाखवला, त्यांनी तारीख विचारली, जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अरे पुनवेचा हाय ना फोटू, उधाणाचं पानी चढलंय त्यो."

झालं होतं असं की पाणी नियर इन्फ्रारेड गिळून टाकतं, त्यामुळे भरतीत बुडालेली बुटकी झाडं एनडीव्हीआयमध्ये दिसतच नाहीत. आणि यातली मजा बघ, सेंटिनेल-२ आपल्यावरून दरवेळी सकाळी अकराच्या आसपासच जातो, पुनव-अमावास्येला मुंबईची मोठी भरती बारा-साडेबाराकडे असते, म्हणजे फोटो निघतो तेव्हा पाणी चढलेलं. अष्टमीच्या आसपास त्याच वेळेला ओहोटी असते. म्हणून आता मी फोटो डाउनलोड करण्याआधी पंचांग बघतो, आई म्हणते नोकरी सोडून भटजी झालास का. तू पण अष्टमीच्या आगेमागेचेच फोटो निवड, आणि दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्हीकडे भरतीची पातळी सारखी आहे का ते तपास.

दुसरी गोष्ट, पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण एका प्रशस्त थ्री बीएचकेएवढा. नाल्याच्या काठाची पाच मीटरची तिवरांची पट्टी त्यात चिखल, पाणी, भिंत सगळ्यात मिसळून जाते, तिथे एकरांचे आकडे ठोकून देऊ नकोस. क्षेत्रफळ काढायच्या आधी लेयर (नकाशाचा थर) अक्षांश-रेखांशाच्या अंशांतून मीटरमध्ये आण, मीटरमध्ये मोजायच्या यूटीएम पद्धतीत मुंबईला झोन ४३ नॉर्थ, कोड ३२६४३. पावसाळ्यात ढगांमुळे जून ते सप्टेंबर जवळपास काहीच हाती लागत नाही. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण ते वाचायला वेगळं शिकावं लागतं, त्याच्या नादी एवढ्यात लागू नकोस. आणि २०१५ च्या आधीचं हवं असेल तर लँडसॅट हे अमेरिकेचे उपग्रह, पिक्सेल ३० मीटरचा. त्यात लँडसॅट-७ च्या २००३ नंतरच्या फोटोंत काळे पट्टे दिसले तर घाबरू नकोस, लॅपटॉप बिघडलेला नाही, उपग्रहाचाच एक भाग तेव्हा बंद पडलाय.

खारफुटीच्या आधी हात बसवायला मुंबईतला विहार तलाव घे. मे आणि ऑक्टोबरचा फोटो लाव, हिरवा बँड आणि नियर इन्फ्रारेड घेऊन एनडीडब्ल्यूआय (एनडीव्हीआयसारखंच, पण पाण्यासाठी) काढ, पाण्याची कड कुठून कुठे सरकली ते दिसतं. भरती नाही, ओहोटी नाही, त्यामुळे चूक झाली तर ती तुझीच असते, लगेच सापडते.

सर्टिफिकेट हवंच असेल तर डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते कर. उरलेल्या ४० हजारांतले हजारभर गमबुटांवर घाल, ऐरोलीचा चिखल चपला ओढून घेतो, माझी एक अजून तिथेच आहे.