कागलची ऑर्डर आणि निपाणीचा रोजमेळ

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय: एप्रिलपासून घरीच मसाला आणि चटणी करून विकते. सहा महिन्यांत 6,30,000 रुपयांची विक्री झाली. बँकेत आणि गल्ल्यात मिळून 74,000 शिल्लक आहेत, तोच नफा समजायचा का? कागलचा एक दुकानदार महिन्याला 25,000 चा माल मागतोय, पण त्याला जीएसटीचं बिल हवं. हिशेब, जीएसटी, रिटर्न सगळं बघायला अकाउंटंट महिन्याला 3,000 सांगतोय. दीर म्हणतात, त्यापेक्षा कॉम्प्युटर आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) घे. काय करू?

ताई, कॉम्प्युटर घेऊ नका. रोजच्या पंधरा-वीस नोंदींना दोनशे पानांची वही पुरते. अकाउंटंटचे वर्षाचे 36,000 ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते परवडतात की नाही हे नफा कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तुमचा नफा 74,000 नाही.

तुम्ही पुढे दिलेल्या आकड्यांवरून मांडून बघू. कांडप यंत्र 80,000 चं, घरात पडलेली मिरची, धणे आणि तयार माल 45,000 चा, लोकांकडे उधारी 36,000 आणि हातातले 74,000. बेरीज 2,35,000. त्यातून पिशवीवाल्याचे द्यायचे 15,000 वजा केले की 2,20,000 उरतात. सुरुवातीला तुम्ही घरातले 1,50,000 घातले होते, म्हणजे वाढ झाली 70,000 ची. पण दरमहा 8,000 घरखर्चाला उचललेत, ते 48,000 याच धंद्यातून आले. ते मिळवा: 1,18,000. यंत्राचा घसारा, म्हणजे झीज म्हणून वर्षाला 15 टक्के, म्हणजे अर्ध्या वर्षाचे 6,000 काढले की नफा 1,12,000 होतो. महिन्याला साधारण साडेअठरा हजार, आणि त्यात तुमच्या मेहनतीची मजुरीही आली. हाच दर राहिला तर वर्षाच्या सव्वादोन लाखांतून 36,000 देणं म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. एवढं देऊ नका. रोजचं लिखाण तुम्ही करा, वर्षाअखेर रिटर्न भरण्यापुरते त्यांना ठरवून पैसे द्या.

आता कागल. यात बरेच जण फसतात. ‘40 लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही’ हे तुम्ही ऐकलं असेल. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला ती मर्यादा आहे हे खरं, पण राज्याबाहेर करपात्र माल विकला की ती सवलत संपते. मग उलाढाल पाच लाखांची असो की पंधरा, नोंदणी घ्यावीच लागते. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, आपल्या भागातल्या माणसाला हे रोजचं असल्यामुळे लक्षातच येत नाही. छोट्या धंद्यांसाठीची एक टक्कावाली कंपोझिशन योजनाही इथे कामाची नाही, कारण तिच्यात राज्याबाहेर विक्री करता येत नाही. दुकानदारच गाडी घेऊन निपाणीला आला तर? माल शेवटी कागललाच पोचतो, त्यामुळे विभाग ती विक्री आंतरराज्यच धरू शकतो. त्या पळवाटेच्या नादी लागू नका.

मग नोंदणी घ्यावी का? कागलच्या मालावर 12 टक्के नफा सुटतो असं तुम्ही म्हणता, म्हणजे महिन्याला 3,000. पण नोंदणी झाली की इथल्या 1,05,000 च्या विक्रीवरही 5 टक्के कर येतो. घरगुती गिऱ्हाईक आणि बिगरनोंदणीचे किराणावाले भाव वाढवून देणार नाहीत, म्हणजे त्याच भावातून 5,000 कराचे जाणार. संकेश्वरच्या शेतकऱ्यांकडून घेतलेल्या मिरचीवर तुम्ही कर भरलेलाच नाही, तेव्हा क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो तो, पिशव्या-बिशव्यांचाच, फार तर हजारभर. वर विवरणं भरायला महिन्याला हजार रुपये धरा. 3,000 मिळवायला 5,000 घालवायचे!

म्हणून सध्या कागलला नाही म्हणा. ऑर्डर 42,000 च्या आसपास गेली की हिशेब बरोबरीत येतो, पण कटकटीचा मोबदला म्हणून मी साठ-सत्तर हजारांची वाट बघेन. तोपर्यंत चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव हा बाजार काही लहान नाही.

वही कशी ठेवायची ते सांगतो. रोजमेळ म्हणजे रोजच्या पैशांची वही: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, म्हणजे खर्च. रात्री वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातले पैसे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर त्याच रात्री शोधा, चार दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही. उधारीची वही वेगळी. बिलांना क्रमांक टाका, पण नोंदणी नसताना त्यावर कर लावू नका. घरच्या डब्यासाठी घेतलेली चटणीसुद्धा उचल म्हणून लिहा. महिन्याच्या शेवटी माल तोलून शिलकी मालाची किंमत लिहून ठेवा, नाहीतर वरचं गणित पुन्हा अंदाजानेच मांडावं लागेल. मिरचीवाल्याला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख देऊ नका. जमेल तिथे बँकेतूनच द्या.

आणि आजच्या आज करायचं म्हणजे धंद्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा क्यूआर कोड. सध्या तुमच्या एकाच क्यूआरवर भिशीचे आणि नणंदेचे पैसेही येतात. 2025 च्या जुलैत कर्नाटकच्या व्यावसायिक कर विभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या होत्या. तेव्हा कितीतरी जणांना कुठली जमा धंद्याची आणि कुठली घरची हेच दाखवता येईना.

राहिलं रिटर्न. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर 8 आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा दाखवून सुटता येतं, वह्याही लागत नाहीत. तुमच्या विक्रीवर ते वर्षाला लाखभर होईल. पण नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यच आहे, तेव्हा दुसरं उत्पन्न नसेल तर खरा सव्वादोन लाख नफाच दाखवा. उद्या मोठ्या यंत्रासाठी मुद्रा कर्ज मागायला गेलात तर बँक रिटर्नवरचा आकडा बघते, आणि लाखभर उत्पन्नावर ती फार देणार नाही.