वाचकांचे प्रश्न : रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांची दोन बोटांची गिटार

प्रश्न : ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) ऐकायला लागलं की रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स ही नावं लगेच भेटतात. रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचं नाव मात्र फार उशिरा कानावर आलं. ते खरंच इतके मोठे वादक होते का? (नाशिक)

होते, आणि नाव मागे राहण्याचं मोठं कारण त्यांच्या धर्मनिष्ठेत आहे. डेव्हिस यांचा जन्म १८९६चा, साउथ कॅरोलायनातल्या लॉरेन्स गावचा. दृष्टी तान्हेपणीच गेली. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये ते रस्त्यावर वाजवायचे. त्या भागात गाजलेले ब्लाइंड बॉय फुलर त्यांच्याकडूनच बरंच काही शिकले. १९३३मध्ये डेव्हिस यांना बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३५च्या जुलैत न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. त्यात ब्लूज दोनच, बाकी सगळी भक्तिगीतं. रेकॉर्ड कंपन्यांना हवे होते ब्लूज. फुलर ते देत राहिले आणि त्यांच्या रेकॉर्ड खपत राहिल्या. डेव्हिस मात्र १९४०च्या दशकात न्यूयॉर्कला आले आणि हार्लेमच्या रस्त्यांवर गात, उपदेश करत राहिले.

त्यांचा खरा वारसा शिष्यांच्या हातांत आहे. पाच डॉलर घेऊन ते घरी शिकवायचे आणि ती शिकवणी तासन्‌तास चालायची. स्टीफन ग्रॉसमन, डेव्ह व्हॅन रॉन्क, रॉय बुक बाइंडर, अर्नी हॉकिन्स, ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे बॉब वेअर हे सगळे त्यांच्याकडे शिकलेले.

प्रश्न : ते फक्त अंगठा आणि तर्जनी वापरत, असं वाचलं. चार बोटं वापरणाऱ्याला दोन बोटांवर येऊन काय मिळणार? सराव कसा करावा? (कोल्हापूर)

मिळतो तो ठोक्याचा जोर. चार बोटांनी वाजवताना अंगठ्याकडे मंद्र (जाड) तारा आणि बाकी बोटांकडे एकेक पातळ तार अशी वाटणी होते. डेव्हिस यांचा अंगठा असा बांधलेला नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या तारेपर्यंत खाली येतो (सर्वांत पातळ तार पहिली, सर्वांत जाड सहावी). जलद सुरावटीत अंगठा आणि तर्जनी एकाच तारेवर आळीपाळीने पडतात, अंगठा ठोक्यावर आणि तर्जनी दोन ठोक्यांच्या मध्ये. अंगठ्याचा आघात जड, तर्जनीचा हलका, म्हणून सुरावट आपोआप झुलते.

पिक (बोटावर चढवून तार छेडायचं साधन) दोन्ही बोटांत हवेत. तर्जनीचा पिक नखावर चढवायचा नसतो. त्याचं पातं बोटाच्या आतल्या, मांसल बाजूला येतं. पातं बोटाच्या टोकापुढे तीन-चार मिलिमीटर असावं. जास्त लांब असेल तर तारेत अडकतं. थंबपिक (अंगठ्याचा पिक) घट्ट किंवा सैल असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून मऊ करा आणि अंगठ्यावर बसवून गार होऊ द्या. ज्योतीवर अजिबात धरू नका, सेल्युलॉइड लगेच पेट घेतं.

आता सराव. सी कॉर्ड धरा, मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. प्रत्येक ठोक्याला फक्त अंगठा : पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. हे डोळे मिटून जमलं की क्रम उलटा करा : चौथी आधी, मग पाचवी. ‘कँडी मॅन’ या गाण्यात डेव्हिस यांचा बास (जाड तारांवरचे अंगठ्याचे सूर) असा उलटा चालतो. मूळ स्वर (इथे पाचव्या तारेवरचा सी) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे चाल पुढे ढकलल्यासारखी वाटते. बहुतेकांचं इथेच बिघडतं. तर्जनी सुरू झाली की अंगठा नकळत सवयीच्या क्रमावर परततो. असं झालं की चाल वाजवणं थांबवा आणि तर्जनीने पहिली तार फक्त चौथ्या ठोक्यावर छेडा. आठ आवर्तनं न चुकता झाली की मधल्या जागा एकेक करून भरा. वेग एका वेळी पाचनेच वाढवा. घाई करून बसलेला चुकीचा क्रम मोडायला दुप्पट वेळ जातो.

बास घुमून चाल झाकली जात असेल तर तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) मंद्र तारांवर अलगद टेकवा.

प्रश्न : एफ कॉर्ड बॅरेने (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून) धरली की करंगळी मोकळी राहत नाही. डेव्हिस काय करत? (ठाणे)

डाव्या हाताचा अंगठा गळ्यावरून वळवून सहावी तार पहिल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात) दाबत. तर्जनी पहिल्या दोन तारांवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. पाचवी तार अंगठ्याच्या टोकाने मुकी होऊ द्या. करंगळी मोकळी! तळवा गळ्याला टेकणार, ते चालेल. शास्त्रीय गिटारचा रुंद गळा मात्र यासाठी सोयीचा नाही. नटपाशी (गळ्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशी) ४३ मिलिमीटरच्या आसपास रुंदी असलेली, स्टीलच्या तारांची गिटार घ्या. मनगट दुखायला लागलं की थांबा.

प्रश्न : ‘सॅमसन अँड डिलायला’ हे गाणं डेव्हिस यांचं म्हणतात, पण त्याच गाण्याचं ब्लाइंड विली जॉन्सन यांचं ध्वनिमुद्रण तर १९२७चं आहे! (पुणे)

बरोबर. सॅमसनचं हे गाणं डेव्हिस यांच्याआधीपासून चर्चमध्ये आणि रस्त्यावर गायलं जात होतं. डेव्हिस यांची आहे ती गिटारची मांडणी आणि गाण्याची त्यांची घडण. १९६२मध्ये पीटर, पॉल अँड मेरी यांनी पहिल्याच अल्बममध्ये हे गाणं घेतलं. त्याच्या रॉयल्टीतून डेव्हिस यांना क्वीन्समधल्या जमैका भागात घर घेता आलं. आयुष्यभर रस्त्यावर गायलेल्या या माणसाला साठी ओलांडल्यावर का होईना, आपल्या कलेचे पैसे मिळाले, हे फार महत्त्वाचं आहे. त्या काळातल्या कितीतरी कृष्णवर्णीय वादकांना तेवढंही मिळालं नाही.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू? (बेळगाव)

डेव्हिस यांचा १९६०चा अल्बम ‘हार्लेम स्ट्रीट सिंगर’. नामवंत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत मुद्रित झाल्यामुळे अंगठा आणि तर्जनी वेगवेगळे ऐकू येतात. त्यानंतर १९३५ची मुद्रणं. तिथे आवाज खरखरीत आहे, पण वेग आणि नेमकेपणा थक्क करणारा. हेडफोन लावा, पहिल्यांदा फक्त बास ऐका. मग हॉट ट्यूना या अमेरिकन बँडचा १९७०चा पहिला अल्बम लावा. बँडचे गिटारवादक योर्मा कौकोनेन यांनी ‘हेझिटेशन ब्लूज’ आणि ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’मध्ये डेव्हिस यांचं किती घेतलं आहे, ते लगेच कळेल.